कचरावेचक ताईंचं शाळेतलं सत्र: सातवीच्या वर्गशिक्षिकेचा अभिप्राय

कोथरूडच्या एका मराठी शाळेत मी सातवीला विज्ञान आणि भूगोल शिकवते. यंदा आम्ही पर्यावरणावर बोलायला ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ या कचरावेचकांच्या संघटनेच्या सभासद असलेल्या एका कचरावेचक ताईंना बोलावलं. सोबत संघटनेची एक कार्यकर्ती होती. इतर शाळांनी आणि पालक-शिक्षक संघांनीही हे सत्र ठेवावं असं मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

याआधी आमच्याकडे जे वक्ते आले त्यांनी पडद्यावर वितळणारे हिमनग दाखवले आणि शेवटी हात पुढे करून सगळ्यांकडून शपथ म्हणून घेतली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी काय आठवतं विचारलं, तर वर्ग गप्प.

ताईंनी पडदा मागितला नाही, माईकही नाही. ‘तुमच्या शाळेचाच आजचा कचरा आणा’ म्हणाल्या. शिपाईमामांनी दोन डबे आणले. फरशीवर जुनी वर्तमानपत्रं पसरली, ताईंनी हातमोजे घातले आणि डबे पालथे केले. पांढरा कागद, छापील कागद, पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या, दुधाची पिशवी असे ढीग भराभर पडत गेले. मुलांना हात लावू दिला नाही, ते योग्यच केलं. प्रत्येक ढिगाला भंगारच्या दुकानात वेगळा भाव असतो आणि डब्यातली भाजी लागली की चांगला कागदही मातीमोल होतो, हे त्यांनी तेलकट झालेला वहीचा कागद उचलून दाखवलं. ओला-सुका वेगळा करण्याचा नियम मुलं परीक्षेपुरता पाठ करतात. त्या कागदाने तो समजला. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा वेगळा पाडायचा नाही, नुसती चीर द्यायची, कारण तो इवलासा तुकडा कुणीच वेचत नाही. हे मलाही नवीन होतं.

शेवटी एक ढीग उरला, आणि तोच सगळ्यांत मोठा होता: वेफर्स-कुरकुऱ्यांच्या आतून चंदेरी असलेल्या पुड्या. एका मुलाने विचारलं, ‘याचा भाव किती?’ ताई म्हणाल्या, ‘याला कुणी घेत नाही, बाळा.’ प्लास्टिक आणि धातूचा पातळ थर एकमेकांना चिकटवलेला असतो, तो सुटा करणं परवडत नाही, असं कार्यकर्तीने समजावलं. मग हे जातं कुठे, या प्रश्नावरून विषय आपसूक उरुळी देवाची आणि फुरसुंगीवर आला. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं तिथल्या डेपोत पडत राहिला, विहिरींचं पाणी नासलं, गावकऱ्यांना रस्त्यावर उतरावं लागलं. मुलांनी भिंतीवरच्या जिल्ह्याच्या नकाशात फुरसुंगी शोधून काढलं. आपल्या पुडीचा आणि दुसऱ्याच्या विहिरीचा संबंध सांगायला मला भूगोलाचे चार तास लागले असते, तरी इतका पोचला नसता.

सॅनिटरी पॅडबद्दल ताई मुलगे-मुली एकत्र बसलेले असताना सरळ बोलल्या. कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे वेगळं करणाऱ्या बाईला ते उघडून बघावं लागत नाही. फुटलेली काच आणि इंजेक्शनच्या सुयाही वेगळ्या बांधून द्यायच्या. कुणी खुसखुसलं नाही. ‘तुम्हाला वास येत नाही का?’ असं एका मुलीने विचारलं. ‘येतो की. वेगळा करून दिलात तर कमी येतो,’ हे त्यांचं उत्तर.

संघटनेचा इतिहास कार्यकर्तीने सांगितला: बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली १९९३ साली झालेली सुरुवात, चोर समजून हटकलं जाणाऱ्या बायकांच्या हाती आलेलं ओळखपत्र, पुढे कचरावेचकांच्याच मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आणि २००८ मध्ये घरोघरी कचरा गोळा करण्याचा महापालिकेशी करार. मजकूर महत्त्वाचा आहे, पण तो फार भरभर झाला. साल आणि नावं फळ्यावर लिहिली असती तर मुलांना धरता आली असती. बाकी उणीव एकच, वेळ. एका तासात प्रश्न संपत नाहीत, जोडतास घ्या.

बोलावणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. ताईंची सकाळची फेरी चुकली तर कमाई बुडते, तेव्हा सत्र दुपारच्या अधिवेशनातच ठेवा. मानधन द्या, आणि पाकिटात रोख द्या. शाल-श्रीफळावर बोळवण करणाऱ्या शाळा आहेत, याची मला चीड येते. पडद्यावर चित्रं दाखवणाऱ्याला पैसे आणि हिला नारळ, हे मुलं बघत असतात. सगळ्या तुकड्या सभागृहात कोंबू नका, कचऱ्याचे ढीग मागच्या रांगेतून दिसायला हवेत. फोटो विचारून काढा. वर्गात एखाद्या मुलाच्या घरी हेच काम होत असेल, तर आधी त्या घरी बोलून घ्या. आमच्याकडे एका मुलीची आजी हे काम करते. आम्ही आधी विचारलं होतं, आणि आजी स्वतः सत्राला येऊन बसल्या.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या भरभर झालेल्या इतिहासाचा. ओल्या कचऱ्याच्या खतावर दुसरं सत्र ठेवण्यासाठी मी मुख्याध्यापकांकडे अर्ज दिला आहे, यावेळी सहावीसाठीही.