कौन्सिलची 'अर्ली हेल्प' सेवा: पाचापैकी साडेतीन तारे

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. रक्ताची नळी आली की तिच्यावर बारकोड चिकटतो, मग ती हिमॅटॉलॉजीत जावो नाहीतर बायोकेमिस्ट्रीत, रक्त कुणाचं ते प्रत्येक मशीनला कळतं. इंग्लंडमध्ये मुलाला असा एकच बारकोड नसतो, हे मला गेल्या दीड वर्षात कळलं. जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, त्याचा एनएचएस म्हणजे सरकारी आरोग्य सेवेचा नंबर, शाळेत यूपीएन नावाचा वेगळा नंबर आणि कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या पालिकेकडे, तिसराच. या सगळ्यांची मोट बांधायचं काम 'अर्ली हेल्प' ही अडचणीतल्या कुटुंबांना वेळीच मदत करणारी कौन्सिलची सेवा करते. आमची कौन्सिल कुठली ते लिहीत नाही, मुलाला अजून इथेच शाळेत जायचंय.

आमचे चिरंजीव इयर एटमध्ये, म्हणजे बारा-तेरा वर्षांचे असताना दिवाळीनंतर शाळेत जाईनासे झाले. युनिफॉर्म घालून तयार व्हायचा, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायचा, आणि तिथून पुढे हलायचा नाही. मी हेड ऑफ इयरना सगळं सांगितलं. मग जीपीला. मग स्कूल नर्सला. मग हजेरी बघणाऱ्या बाईंना. मग कॅम्सच्या, म्हणजे मुलांच्या मानसिक आरोग्य सेवेच्या फोनवर. पाचव्या वेळेपर्यंत माझी गोष्ट इतकी घोटून झाली होती की पलीकडच्या बाई म्हणाल्या, तुम्ही फारच शांत वाटता. त्या शांतपणामुळे आमचा नंबर खाली गेला की काय, असं मला आजही वाटतं.

शेवटी सेन्कोने, म्हणजे शाळेतल्या विशेष गरजांच्या शिक्षिकेने, अर्ली हेल्पचा फॉर्म भरू का विचारलं. घरी सांगितलं तर सासूबाईंचा पुण्याहून लगेच फोन. "अगं, ती सोशलवाली माणसं पोरं उचलून नेतात म्हणे. दारातूनच परत पाठव." ही भीती इथल्या आपल्या बऱ्याच घरांत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. अर्ली हेल्प तुमच्या संमतीने चालते आणि नको असेल तर नाही म्हणता येतं. १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टमधलं कलम १७ गरजू मुलांसाठी आहे आणि कलम ४७ गंभीर इजेचा संशय असेल तर चौकशीसाठी. अर्ली हेल्प या दोन्हींच्या खालची पायरी. मूल घरातून हलवायला आईवडिलांची संमती किंवा कोर्टाचा आदेश लागतो. तातडीचा धोका असेल तर पोलीस स्वतः पाऊल उचलू शकतात, पण तेही जास्तीत जास्त ७२ तासांसाठी. हे सगळं सासूबाईंना सांगितलं. त्यांचं समाधान झालं नाही.

आमच्याकडे आलेली लीड प्रॅक्टिशनर, म्हणजे आमची केस सांभाळणारी कार्यकर्ती, पंचविशीतली होती. पहिल्या भेटीत तिने माझ्याकडे पाहिलंच नाही म्हटलं तरी चालेल. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसून ती लेकाशी बसच्या वेळापत्रकांवर बोलली, कारण त्याच्या हातात तेच होतं. तिसऱ्या भेटीत तिला कळलं की त्याला शाळा नको नव्हती, जेवणाच्या हॉलमधला आवाज नको होता. आम्ही चार महिने 'का जात नाहीस' एवढंच विचारत होतो.

मग 'टीम अराउंड द फॅमिली'ची मीटिंग, दर सहा आठवड्यांनी. सेन्को, स्कूल नर्स, ती, मी, नवरा टीम्सवर, आणि शेवटची दहा मिनिटं लेक. सगळ्यांसमोर एकच कागद: कोण काय करणार आणि कधीपर्यंत. बाजूच्या दाराने ९:२० ला प्रवेश, डबा लायब्ररीत, घंटा व्हायच्या पाच मिनिटं आधी वर्गातून सुटका. यात खर्चिक काहीही नव्हतं. मग तो आठवड्यातून तीन दिवस जायला लागला. साडेतीनपैकी तीन तारे या कागदाचे.

आता उरलेलं. ज्या दिवशी हा कागद ईमेलने आला, त्याच दिवशी त्याच कौन्सिलचा, त्याच लोगोचा लिफाफा दारात पडला: गैरहजेरीबद्दल दंडाचा इशारा. २१ दिवसांत भरलात तर ८० पाउंड, नाहीतर १६०, आणि तोही प्रत्येक पालकाला वेगळा. आमच्या प्रॅक्टिशनरने फोन करून तो थांबवला, पण फोन करावा लागला. दोन्ही विभाग एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर आहेत. मी विचारलं होतं.

त्याहून भारी प्रकार ईएचसीपीचा. शिक्षण, आरोग्य आणि सामाजिक मदत या तिन्हींची मिळून ही एकच कायदेशीर योजना, २०१४ च्या कायद्याने आलेली, गरज असेल तर २५ वर्षांपर्यंत चालणारी. अर्ज शाळेनेच करायला हवा असं नाही, पालकही करू शकतात. मी केला. परीक्षण करणार की नाही ते सहा आठवड्यांत कळवायचं आणि पूर्ण योजना २० आठवड्यांत द्यायची, असा नियम. आमची ३४व्या आठवड्यात आली. तिच्या आधीच्या मसुद्यात सामाजिक मदतीच्या रकान्यात लिहिलं होतं: 'हे मूल आमच्या सेवेला माहीत नाही.' आठ महिने यांचीच बाई माझ्या जिन्यात बसत होती!

प्रॅक्टिशनरला सगळं माहीत असतं असंही नाही. तिने मोठ्या उत्साहाने डीएलए या अपंग मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याचा फॉर्म आणला, निदान झालेलं नसलं तरी मिळतो म्हणाली. ते खरंय, पण आम्ही स्किल्ड वर्कर व्हिसावर, 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स'वाले, म्हणजे ठरावीक यादीतले सरकारी भत्ते आम्हाला घेता येत नाहीत. डीएलए त्या यादीत येतो. मी सही केली असती तर व्हिसाची पंचाईत. शाळा, ईएचसीपी आणि कलम १७ ची मदत मात्र त्या यादीत नाही, ती बिनधास्त मागा. दर कौन्सिलच्या हद्दीत 'सेंडियास' ही पालकांसाठी मोफत सल्लासेवाही असते. ईएचसीपीच्या मसुद्यातला तो रकाना त्यांनीच दुरुस्त करून घ्यायला लावला.

यंत्रणांनी एकमेकांशी बोलावं हा इथे जुना विषय आहे. २००० साली लंडनमध्ये आठ वर्षांची व्हिक्टोरिया क्लिम्बिए घरच्या छळाने मेली, अंगावर १२८ जखमा. कौन्सिलच्या खात्यांना, दोन हॉस्पिटलांना, पोलिसांना ती माहीत होती, प्रत्येकाला थोडी थोडी. लॉर्ड लॅमिंग यांचा चौकशी अहवाल २००३ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी नवा चिल्ड्रन ॲक्ट. देशातल्या सगळ्या मुलांची एक यादी करणारी 'कॉन्टॅक्टपॉइंट' नावाची प्रणालीही उभारली, ती २०१० मध्ये बंद केली. खाजगीपणाचा आक्षेप होता आणि तो मला पटतोही. लॅबमधली नळी मोठी होऊन 'माझ्याबद्दल काय लिहून ठेवलंत' असं विचारायला येत नाही. पण मग यादीऐवजी माणूस द्या, आणि तो टिकेल असं बघा.

कारण आमची प्रॅक्टिशनर गेल्या महिन्यात नोकरी सोडून गेली. नवी आली, वही उघडली आणि म्हणाली, "सुरुवातीपासून सांगाल का?" फाइल आहे, पण वाचायला वेळ झाला नाही, हे तिने प्रामाणिकपणे कबूल केलं. तिच्याकडे किती कुटुंबं आहेत ते विचारल्यावर माझा राग उतरला.

लेक उठला, स्वयंपाकघरातल्या खणातून एक कागद घेऊन आला. जुन्या प्रॅक्टिशनरने त्याच्याकडूनच लिहून घेतलेला, त्याच्या अक्षरातला. हॉल नको. 'का' लगेच विचारू नका. बसबद्दल विचारलं तर चालेल. मी त्याच्या दहा प्रती काढून ठेवल्यात, आता नऊ उरल्या.

पुढची मीटिंग मंगळवारी आहे. कॅम्सकडून कुणी येणार नाही, ईमेल येईल.