वेण्णेच्या काठाने अर्धा दिवस : महाबळेश्वरच्या एका पायी सहलीचे परीक्षण

महाबळेश्वरला येणारे बहुतेक लोक वेण्णा तलावात नौकाविहार करतात, भाजलेले कणीस खातात आणि पुढचा पॉइंट गाठतात. या तलावात पाणी कोठून येते आणि बांधाखालून ते कोठे जाते, हे पायी दाखवणाऱ्या एका स्थानिक वाटाड्याच्या अर्ध्या दिवसाच्या सहलीबद्दल हे परीक्षण आहे. नदी म्हणून नकाशावर नोंदलेली वेण्णा येथे खरे तर ओढ्याएवढीच आहे, आणि म्हणूनच तिचा उगमाकडचा भाग एका दमात पाहता येतो.

सहलीचा सर्वांत सरस भाग सुरुवातीलाच येतो. माथ्यावरचा जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसाचे पाणी त्यात मुरते, खालच्या काळ्या पाषाणावर अडते आणि या दोन खडकांचा सांधा जेथे उघडा पडतो तेथे झरा होऊन बाहेर येते. वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडूनही उन्हाळ्यात पाणी का जपावे लागते आणि तरीही काही झरे तेव्हा का वाहतात, हे वाटाडे एका ओल्या कपारीपाशी उभे राहून, तांत्रिक शब्दांचा आधार न घेता समजावतात. पश्चिमेच्या कड्यावर पडलेला थेंब सावित्रीतून अरबी समुद्राला मिळतो आणि थोडे अलीकडे पडलेला वेण्णेतून कृष्णेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला, हेही त्यांनी जागेवरच दिशा दाखवून सांगितल्यामुळे चांगले ठसते.

तलाव मात्र निसर्गाने दिलेला नाही. साताऱ्याचे छत्रपती अप्पासाहेब महाराज यांनी १८४२ मध्ये तो बांधवून घेतला. आजही त्याचे पाणी महाबळेश्वर आणि पाचगणीच्या नळांना जाते. याच काठावर घोडेसवारी, खाऊच्या गाड्या आणि गर्दी असते, आणि पिण्याच्या पाण्याशी या साऱ्याचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न कोणाही जाणत्या पाहुण्याच्या मनात येतो. वाटाडे या विषयाला हसून बगल देतात. गावातच धंदा करायचा असल्याने त्यांची अडचण समजते, परंतु पाण्यासाठीच काढलेल्या सहलीत ही उणीव खटकते.

तलावापासून लिंगमळ्याकडे जाताना स्ट्रॉबेरीची शेते लागतात. पाऊस ओसरला की गादीवाफे करून रोपे लावायची, मल्चिंग पेपर म्हणजे माती झाकणारा प्लॅस्टिकचा पातळ कागद अंथरायचा, ठिबकने पाणी द्यायचे आणि थंडीत फळ तोडायला लागायचे, हा क्रम येथे सविस्तर कळतो. कडाक्याच्या थंडीत याच खोलगट भागात दवबिंदू गोठतात, कारण उतारांवरची जड गार हवा रात्री येथे साचते. शेतमालकाशी बोलू देणे ही या सेवेची मोठी जमेची बाजू होय. पॉइंटवरच्या दुकानात विकली जाणारी जॅमची बाटली एवढी माहिती देत नाही.

लिंगमळ्याला सरकारने १८६० च्या दशकात सिंकोना लावून पाहिला होता. मलेरियावरचे क्विनीन ज्याच्या सालीपासून मिळते, तो हा वृक्ष. तो प्रयोग फसला. वाटाडे हा विषय एका वाक्यात संपवतात, तो त्यांनी वाढवावा. त्यानंतर वेण्णा कड्यावरून खाली झेपावते आणि सहलही तेथेच संपते. पुढे हेच पाणी मेढ्याकडून कण्हेरच्या धरणात आणि शेवटी माहुलीच्या संगमावर कृष्णेत पोहोचते. एवढा प्रवास पायी दाखवणे शक्य नाही, हे खरे. पण निदान एक छापील नकाशा हाती दिला असता तर धबधबा हा प्रवाहाचा शेवट वाटला नसता.

शुल्क वाजवी आहे, गट लहान ठेवला जातो आणि निवेदन मराठीत होते. मुलांसोबत जाणाऱ्यांना वेग सोयीचा वाटेल. ऐन पावसाळ्यात धुके आणि जळवा यांमुळे जाण्यात अर्थ नाही. धबधब्याला पाणी आणि शेतात लावणी दोन्ही पाहायचे असल्यास ऑक्टोबर उत्तम. एप्रिल-मेमध्ये धार बारीक होते, तेव्हा केवळ धबधब्यासाठी पैसे मोजू नयेत. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी लिंगमळ्याची उतरण टाळून शेतांपर्यंतच जावे आणि तसे नोंदणी करतानाच सांगावे, म्हणजे परतीच्या गाडीची व्यवस्था रस्त्यावरूनच करता येते.