अरुंधती समृद्धीतून बाहेर पडली, मालिका मात्र आतच राहिली

‘आई कुठे काय करते’चा विषय निघाला की दोन तट पडतातच. एक म्हणतो, घटस्फोट झाला तिथे मालिका संपली. दुसरा म्हणतो, छे, खरी मालिका तिथूनच सुरू झाली. तिसराही एक असतो, जो पाच वर्षं फक्त नायिका अरुंधतीच्या नवऱ्यावर, अनिरुद्धवर, चिडायला बसत होता. तो सहसा गप्प राहतो. पण नव्यानं बघायला घेणाऱ्याला या भांडणातून हातात काहीच लागत नाही. त्याला एवढंच हवं असतं की कुठून सुरू करू, काय गाळू आणि कुठे थांबू.

आधी आकारमान लक्षात घ्या. स्टार प्रवाहवर मालिका २३ डिसेंबर २०१९ ला सुरू झाली आणि ३० नोव्हेंबर २०२४ ला संपली. सोमवार ते शनिवार असे आठवड्याचे सहा दिवस. मधला टाळेबंदीचा खंड सोडला तरी भाग दीड हजाराच्या घरात जातात. जाहिराती काढल्या की एक भाग वीस-बावीस मिनिटांचा. म्हणजे एकूण पाचशे तास! रोज तासभर दिला तरी सोळा-सतरा महिने. ‘सगळी बघाच’ असं सांगणाऱ्यानं स्वतः सगळी बघितलेली नसते, हे गृहीत धरा.

चांगला आणि वाईट काळ ओळखायची एकच कसोटी इथे लागू पडते: अरुंधतीच्या सासरच्या, समृद्धी बंगल्याच्या हॉलशिवाय कथेचं पान हलतं का? मालिकेची ताकद तो हॉलच होता आणि पुढे ती बुडालीही त्याच हॉलात.

पहिले काही महिने नीट बघण्यासारखे आहेत, कारण तिथे घरकाम हेच कथानक आहे. सासू, सासरे, नवरा, तीन मुलं. कुणाचा डबा, कुणाचं औषध, कुणाची इस्त्री. अरुंधती सकाळी उठते तेव्हापासून तिच्या हाताला उसंत नाही आणि तरी घरातला प्रत्येक जण शीर्षकातलं वाक्य या ना त्या शब्दांत तिला ऐकवतो. ‘आई कुठे काय करते?’ हा प्रश्न नाही, टोमणा आहे, आणि तो वेगवेगळ्या तोंडून वेगवेगळा ऐकू येतो: सासू कांचनच्या तोंडी खोचक, अनिरुद्धच्या तोंडी थंड, मुलगी ईशाच्या तोंडी लाजून. मुग्धा गोडबोले यांचे संवाद इथे फार नेमके आहेत. घराघरांत बोललं जातं तसंच मराठी, टाळ्यांसाठी थांबणारं नाही. मधुराणी प्रभुलकरांनी अरुंधतीला बिचारी केलं नाही, हे त्याहून महत्त्वाचं. ही बाई दमलेली आहे, पण मूर्ख नाही.

याच काळाचं दुखणंही सांगायला हवं. अनिरुद्ध आणि त्याची ऑफिसातली सहकारी संजना यांचं प्रकरण प्रेक्षकाला पहिल्यापासून माहीत आहे, अरुंधतीला नाही. मग आज फोन वाजतो, उद्या कोणी काही बोलता बोलता थांबतं, परवा दार उघडतं आणि आत कोणीच नसतं. हे लांबलं, कारण गुपित फुटणं हा एकदाच वापरता येणारा हुकमाचा पत्ता असतो आणि तो हातात धरून ठेवावासा वाटतोच. त्यात मार्च २०२० मध्ये चित्रीकरण थांबलं, जुलैमध्ये परत सुरू झालं, आणि काही काळानं दीपाली पानसरे यांच्या जागी रूपाली भोसले संजना म्हणून आल्या. दोन संजना खरोखर वेगळ्या आहेत. पहिली थोडी अलिप्त, नोकरदार वाटते. दुसरी समोर आली की खोलीतली हवाच बदलते. पुढच्या कथेला दुसरीच लागणार होती, हे आता मागे वळून बघताना कळतं. पण सलग बघणाऱ्याला तो सांधा खटकतो. दोन-चार भाग द्यावे लागतात.

मालिकेचा शिखरकाळ कोणता, यावर वाद घालायला जागा नाही. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून पुन्हा लग्न लावायचा घाट घातला जातो, तिथपासून घटस्फोटापर्यंत. एवढंच बघितलंत तरी या मालिकेची खरी ओळख होते. सत्य कळण्याचा प्रसंग गाजला, पण त्याच्या नंतरचे आठवडे जास्त भारी आहेत. रडारड ओसरल्यावर प्रश्न उरतो तो अगदी साधा: आता सकाळचा चहा कोण टाकणार? नवऱ्याच्या बाबतीत हात आखडता घेता येतो, पण सासूसासऱ्यांचं काय, मुलांचं काय, आणि त्याच छताखाली राहायचं तर कोणत्या खोलीत? किशोर महाबोलेंचे आप्पा सुनेच्या बाजूनं उभे राहतात, आणि अर्चना पाटकरांची कांचन मुलाच्या बाजूनं उभी राहताना मनातून कशी हलते, हे हळूहळू उलगडतं. मिलिंद गवळींचा अनिरुद्ध या काळात सर्वांत चांगला लिहिलाय, कारण तो खलनायक नाही. आपण काही फार मोठं वाईट केलं असं त्याला मनापासून वाटतच नाही. तसले पुरुष आजूबाजूला दिसतात, म्हणून राग खरा येतो. २०२१ मध्ये टीआरपीच्या यादीत मालिका वर होती ती याच बळावर.

समृद्धीचा हॉल इथे कामाचा होता, कारण भांडणच त्या घरावरून होतं: राबायचं कोणी, मान कोणाला, हक्क कोणाचा. माणसं एका जागी कोंडलेली असणं ही कथेची गरज होती.

घटस्फोटानंतरच्या टप्प्याबद्दल आमचं मत बहुतेकांपेक्षा वेगळं आहे. अरुंधती घर सोडते, अनिरुद्ध संजनाशी लग्न करतो आणि प्रेक्षकांचं लक्ष साहजिकच अरुंधतीकडे जातं: तिचं गाणं, तिची नोकरी, तिची भाड्याची खोली. पण त्या काळातली खरी कथा संजनाची आहे. जिच्यासाठी तिनं एवढा आटापिटा केला, ती जागा मिळाल्यावर तिला कळतं की ती जागा म्हणजे स्वयंपाकघरच आहे. तीच सासू, तीच मुलं, तोच नवरा, आणि आता टोमणे तिच्या वाट्याला. रूपाली भोसलेंनी हे फार बारकाईनं केलं आहे. इथे गाळागाळ करायची असेल तर अरुंधतीचे संघर्षाचे प्रसंग गाळा, संजना आणि कांचनचे मुळीच गाळू नका. उलट करणारे लोक म्हणतात, ‘घटस्फोटानंतर काही राहिलं नाही.’

मग आशुतोष केळकर. कॉलेजातला मित्र, मनात जपलेलं प्रेम, आता मोठा माणूस. ओंकार गोवर्धननं त्याला शांत ठेवला, म्हणून सुरुवातीचे महिने छान जातात. चाळिशी ओलांडलेल्या, मुलं मोठी झालेल्या बाईला कोणीतरी आधी विचारून मग वागतं, हे मराठी मालिकेत दिसणं विरळाच. पण तो येतो २०२१ च्या अखेरीकडे आणि लग्न होतं २०२३ च्या सुरुवातीला. मधल्या वर्षभरापेक्षा जास्त काळात एकच चक्र फिरतं: दोघं जवळ येतात, अनिरुद्ध काहीतरी करतो, समृद्धीत बैठक बसते, कांचन बोलते, आप्पा समजावतात, अरुंधती ‘मला थोडा वेळ द्या’ म्हणते. पहिल्या दोन फेऱ्या बघा, पुढच्या सोडा. काही चुकणार नाही.

दुसरं लग्न दाखवायला नको होतं, असं म्हणणाऱ्या मंडळींशी आमचं पटत नाही. लग्न दाखवणं हे मालिकेचं धाडस होतं. चूक त्याच्यानंतरची. अरुंधती केळकरांच्या घरी गेली खरी, पण रोज कुठल्या ना कुठल्या कारणानं समृद्धीच्या दारात उभी. शिवाय ईशाचं लग्न आशुतोषच्या नात्यातल्या अनिशशी लावून दोन्ही घरं एकमेकांना कायमची बांधून टाकली. पटकथेच्या सोयीसाठी ही युक्ती उत्तम: आता कुठल्याही भांडणाला दोन्ही घरची माणसं आपोआप हजर. कथेसाठी मात्र तो फास ठरला. जिनं एवढ्या कष्टानं उंबरठा ओलांडला, तिला सुटकाच नाही.

असं का होतं, हे रोजच्या मालिकेचं गणित माहीत असलं की कळतं. आठवड्याला सहा भाग द्यायचे तर उभ्या सेटवर, हजर कलाकारांत दृश्यं उरकावी लागतात. दहा-बारा जणांचं कुटुंब एका हॉलमध्ये बसवलं की एका प्रसंगात सगळ्यांचे चेहरे, सगळ्यांच्या प्रतिक्रिया, आणि भागाची सात-आठ मिनिटं भरतात. नवं घर म्हणजे नवा सेट, नवी माणसं, नवी ओळख. शिवाय कांचन, आप्पा, अनिरुद्ध हे प्रेक्षकांचे लाडके. त्यांना बाजूला कोण ठेवणार? म्हणून नायिका पुढे जाते आणि कॅमेरा मागेच राहतो.

ताडून बघायला दोन भावंडं आहेत. मूळ बंगाली ‘श्रीमोयी’, इंद्राणी हलदार यांची, जून २०१९ ला सुरू होऊन डिसेंबर २०२१ मध्ये संपली, अडीच वर्षं. मराठी मालिका त्यानंतर आणखी तीन वर्षं चालली. मूळ गोष्ट पुरेल तेवढीच पुरते, पुढचं पाणी वाढवून. हिंदीतली ‘अनुपमा’ जुलै २०२० पासून सुरू आहे, निर्माते तेच, राजन शाही. तिनं नायिकेला थेट अमेरिकेत नेलं. हास्यास्पद? बरंचसं. पण निदान काही काळ तिच्या सासरचा, शाहांचा हॉल तरी सुटला.

शेवटच्या टप्प्यावर फार शब्द घालवण्यात अर्थ नाही. दत्तक घेतलेल्या मनूचं पालकत्व आणि त्यावरून तिची जन्मदाती माया, मग आशुतोषचा मृत्यू. त्याला मारल्यावर कथा पुन्हा समृद्धीत येणार हे उघड होतं, आणि आलीच. मार्च २०२४ मध्ये संध्याकाळी साडेसातची वेळ जाऊन दुपारी अडीचची मिळाली. साडेसातला घरातली सगळी माणसं टीव्हीसमोर असतात आणि मालिकेवर बोलतात. अडीचला बघणारी एकटी असते. जिचा अर्धा जीव प्रेक्षकांच्या आपापसांतल्या भांडणात होता, अशा मालिकेला हे मारक ठरलं.

आता बघायची पद्धत. जिओहॉटस्टारवर पहिले पंधरा-वीस भाग सलग बघा, घराची आणि माणसांची ओळख होते. मग आठवड्याचे दोनच भाग: सोमवार आणि शनिवार. शनिवारी रविवारच्या सुट्टीसाठी उत्सुकतेचा आकडा अडकवलेला असतो, सोमवारी तो सोडवतात. मधले चार दिवस बहुतेक वेळा प्रतिक्रिया. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची तयारी सुरू झाली की मात्र एकही भाग सोडू नका, थेट घटस्फोटापर्यंत. प्रत्येक भागाची पहिली मिनिट-दीड मिनिट पुढे ढकला, तो आदल्या दिवसाचा शेवटच असतो. एखाद्या वाक्यानंतर संगीत चढलं आणि कॅमेरा तिसऱ्या चेहऱ्यावर गेला की तीस सेकंद पुढे जा, संवाद तिथे नक्की नसतो. गणपती, मंगळागौर, संक्रांतीचं हळदीकुंकू असे सणांचे भाग साड्यांसाठी बघायचे असतील तर बघा, कथा तिथे तसूभर हलत नाही. एप्रिल-मे २०२१ मध्ये महाराष्ट्रात चित्रीकरणावर बंदी होती आणि मालिकांना राज्याबाहेर जावं लागलं. त्या सुमाराच्या भागांत जागा बदललेली दिसली तर गोंधळू नका.

शंभर तासच हातात असतील तर अरुंधती बॅग घेऊन समृद्धीच्या फाटकाबाहेर पडते तिथे थांबा. संजनासाठी आणखी पंचवीस-तीस तास काढता आले तर सोन्याहून पिवळं. आणि आशुतोषच्या पक्षातले असाल तर लग्नापर्यंत जा, अक्षता पडू द्या, आणि समृद्धीतून पहिला फोन यायच्या आत टीव्ही बंद करा.