गेलेल्याची हजेरी: कोड होस्टेड ठेवावा की आपल्या सर्व्हरवर?

बार्शीच्या एका मित्राने मागच्या आठवड्यात फोन केला. "आता आम्ही नऊ जण झालो. गिटहबचे पैसे भरू, गिटलॅबचे भरू, का तुझ्यासारखा स्वतःचा सर्व्हर टाकू?" (गिटहब, गिटलॅब म्हणजे प्रोग्रामचा कोड ठेवायच्या आणि कुणी काय बदललं ते जपायच्या सेवा. कोड त्यांच्याच सर्व्हरवर ठेवला की तो होस्टेड.) मी "भेटल्यावर सांगतो" म्हणून वेळ मारून नेली, कारण हे सगळे प्रकार मी करून बसलोय आणि प्रत्येकात कुठेतरी हात पोळलाय. आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस सोलापुरात अशोक चौकाजवळ, माणसं बारा, गिऱ्हाईक म्हणजे टॉवेल-चादरीचे अकरा कारखानदार. तेव्हा पुढे जे लिहितोय ते बारा माणसांच्या दुकानाचं बोलणं समजा. दोनशे माणसांच्या कंपनीचा हिशेब वेगळा असेल.

तुम्ही पाच किंवा त्याहून कमी असाल तर डोकं लावायचं कारण नाही. गिटलॅब डॉट कॉमच्या फुकट योजनेत खासगी ग्रुपला पाच जणांची मर्यादा आहे आणि पाइपलाइनला, म्हणजे कोड आपोआप तपासून चढवणाऱ्या कामांना, महिन्याला 400 मिनिटं मिळतात. ती कमी पडली तर ऑफिसातल्या जुन्या मशीनवर आपला रनर, म्हणजे ही कामं चालवणारा प्रोग्राम, लावायचा. त्याची मिनिटं मोजत नाहीत. गिटहबने एप्रिल 2020 मध्ये फुकट खासगी रेपोवरची (रेपो म्हणजे एका प्रोग्रामच्या कोडची साठवण) माणसांची मर्यादाच काढली. मात्र तिथे फुकटात खासगी रेपोच्या मेन ब्रँचला, म्हणजे कोडच्या मुख्य प्रतीला, कुलूप लावता येत नाही. नवा मुलगा शुक्रवारी संध्याकाळी थेट मेनवर पुश करून (आपले बदल चढवून) गावी गेला, की त्या कुलपाची किंमत कळते.

खरा प्रश्न सहाव्या माणसापासून सुरू होतो.

दर बदलत असतात, तरी अंदाज यावा म्हणून सांगतो. गिटहबची टीम योजना माणशी महिन्याला 4 डॉलर. गिटलॅबची प्रीमियम माणशी महिन्याला 29 डॉलर, पण पैसे वर्षाचे एकदम भरायचे. 2023 च्या एप्रिलपर्यंत ती 19 होती. बारा जणांचे गिटहबला वर्षाला 576 डॉलर, गिटलॅब प्रीमियमला 4,176, म्हणजे साडेतीन लाखांच्या वर. दोन्हींची बरोबरी नाही हे मान्य, प्रीमियममध्ये बरंच जास्त मिळतं. पण एक गोष्ट खूप जणांच्या लक्षात येत नाही: गिटलॅबची प्रीमियम त्यांच्या सर्व्हरवर घ्या किंवा आपल्या सर्व्हरवर चालवा, माणशी दर तोच. वीज आपली, मशीन आपलं, रात्रीची झोप आपली, म्हणून सवलत नाही. त्यामुळे "पैसे भरून स्वतःच्या सर्व्हरवर" हा पर्याय मी आमच्यासारख्यांच्या यादीतून आधीच खोडतो. ज्यांना बँकेचं किंवा सरकारी काम करायचंय त्यांनी तो बघावा. उरतात दोन: पैसे भरून होस्टेड, किंवा फुकटची आवृत्ती आपल्या सर्व्हरवर. या दुसऱ्यात माणसांची मर्यादा नाही.

डॉलरच्या बिलाची कटकट थोडक्यात. जीएसटी नंबर असेल तर परदेशी सेवेवरचा 18 टक्के कर रिव्हर्स चार्जने आपणच रोखीत भरायचा आणि मग क्रेडिट घ्यायचं. पैसे बुडत नाहीत, अडकतात. ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे कार्डवरून आपोआप होणारी वसुली मँडेट (बँकेला आधी दिलेली परवानगी) नसेल तर अडते. आमचं एक रिन्यूअल असंच अडलं होतं, पण सीएंनी आणि मी मिळून ते दोन दिवसांत निस्तरलं. एवढ्यासाठी कुणी निर्णय फिरवू नये.

माझा निर्णय फिरला तो मोजणीमुळे.

ज्या होस्टेड सेवेत आम्ही दोन वर्षं पैसे भरले तिचं नाव घेत नाही. नियम करारात लिहिलेला होता, न वाचण्याची चूक माझी. नियम असा की आज किती माणसं आहेत ते बघायचंच नाही; मुदतीत एका वेळी जास्तीत जास्त किती होती, तो आकडा धरायचा. उजनी एकदा शंभर टक्के भरलं की मे महिन्यात मायनसमध्ये गेलं तरी वर्षभर कागदावर भरलेलंच, तसं. त्या जूनमध्ये इंजिनिअरिंगची तीन मुलं दोन महिन्यांच्या प्रोजेक्टला आली. त्याच सुमाराला आमचा एक मुलगा हिंजवडीला लागला. त्याच्या नोटीसच्या महिन्यात त्याच्या जागचा नवा मुलगा रुजू झाला. चार-सहा आठवडे आम्ही सोळा होतो. मग मुलं कॉलेजला परत गेली, तो पुण्याला गेला, आणि बिलात मात्र सोळाच्या सोळा हजर.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या एका गिऱ्हाईकाला चहा पिता पिता हे सांगितलं. शेठ हसले. "आमच्यात मस्टर असतंय बघा. माणूस आला तर पी, नाही आला तर ए. तुमच्यात गेलेल्याची बी हजेरी मांडतात होय?"

पैसे गेल्याचं दुःख महिनाभरात ओसरलं असतं. त्यानंतर माझ्या वागण्यात जो फरक पडला तो जास्त महाग पडला. कुणाला नवीन खातं द्यायचं म्हटलं की माझा हात आखडायला लागला. पुढच्या उन्हाळ्यात दोन शिकाऊ मुलं आली, तेव्हा मीच म्हणालो, "दोघांत एक लॉगिन वापरा, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे." हा शहाणपणा किती थराला गेला ते ऑगस्टमध्ये कळलं. एका कारखान्याच्या चलनात टॉवेलच्या किलोच्या भावाच्या जागी डझनाचा भाव लागला. लॉग काढला तर दोघांचे बदल एकाच नावावर. हा म्हणतो त्याने केलं, तो म्हणतो याने. कुणाला काय समजावून सांगायचं तेच कळेना. गिट वापरायचं ते कुणी काय बदललं हे कळावं म्हणून, आणि एक सीट (एका माणसाच्या खात्याची पैसे भरलेली जागा) वाचवायला मी तेवढंच घालवून बसलो होतो. शिवाय एक लॉगिन दोघांत वाटणं करारातही बसत नाही, ते वेगळंच.

दुसरा विषय कारखान्यांच्या हिशेबनीसांचा. अडचण आली की त्यांनी स्वतः इश्यू (अडचणीची नोंद) टाकावा अशी माझी फार इच्छा. अकरा कारखान्यांतून एकेक माणूस घेतला तर आम्ही बाराचे तेवीस होतो. बहुतेक पैशांच्या योजनांत नुसतं बघायला येणाराही पूर्ण सीट खातो. गिटहबमध्ये खासगी रेपोवर बाहेरचा माणूस घेतला तरी त्याची सीट लागते. वर्षातून चार वेळा लॉगिन करणाऱ्या माणसाचे बारा महिन्यांचे पैसे भरायला जिवावर येतं. गिटलॅबमध्ये सर्व्हिस डेस्क आहे, त्यात ईमेल पाठवला की खात्याशिवाय इश्यू तयार होतो. सोय उत्तम, फक्त आमची गिऱ्हाइकं ईमेल लिहीत नाहीत. (खरं सांगायचं तर आता सगळ्यांना खाती दिल्यावरही निम्मे जण स्क्रीनचा फोटो व्हॉट्सॲपवरच टाकतात. तो नाद माझ्याने सुटला नाही.)

आता दुसरी बाजू, कारण वाचून लगेच कुणी सर्व्हर घ्यायला धावू नये.

पहिला सर्व्हर मी ऑफिसातच ठेवला आणि ती चूक होती. आमच्या खाली पॉवरलूमची शेड आहे. कापसाचे बारीक तंतू जिन्यातून वर येतात आणि पंख्यात जाऊन बसतात. त्यात सोलापूरचा मे, 43 अंश. इन्व्हर्टर होता, पण वीज गेल्यावर एसी बंद आणि मशीन चालू, म्हणजे आणखीच वाईट. एका मेमध्ये डिस्क गेली. बॅकअप होता, रोजचा, बाहेरच्या ड्राइव्हवर, मी निर्धास्त. नव्या मशीनवर परत घ्यायला बसलो तेव्हा पहिला धडा मिळाला, की बॅकअप ज्या आवृत्तीचा असेल नेमकी तीच आवृत्ती नव्या मशीनवर लागते. ती शोधून टाकली. रेपो आले, इश्यू आले. पाइपलाइनमधले पासवर्ड मात्र उघडेनात आणि टू-फॅक्टर (पासवर्डनंतर मोबाइलवरचा आकडाही मागणारं कुलूप) लावलेलं कुणीच आत जाईना. कारण गिटलॅबचा बॅकअप 'सीक्रेट्स'ची फाइल आणि कॉन्फिगरेशनची फाइल मुद्दाम वगळतो. किल्ली आणि तिजोरी एकाच पिशवीत नको म्हणून. त्या दोन फाइली वेगळ्या जपून ठेवा असं त्यांच्या माहितीपत्रात स्वच्छ लिहिलंय. माझी किल्ली मेलेल्या डिस्कवर होती. सगळ्यांचं टू-फॅक्टर काढून पुन्हा लावणं, अकरा कारखान्यांचे डेटाबेस पासवर्ड बदलून पुन्हा भरणं, यात अख्खा आठवडा गेला.

होस्टेडवाल्यांकडे असं होत नाही असं मात्र समजू नका. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब डॉट कॉमच्याच एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डिलीटची कमांड दिली, सुमारे सहा तासांचा डेटा गेला, आणि बॅकअपच्या ज्या पाच पद्धती होत्या त्यांतली एकही नीट चालत नसल्याचं त्याच रात्री उघड झालं. त्यांनी ते सगळं जाहीर सांगितलं, दुरुस्तीही लोकांना थेट दाखवली. फरक इतकाच की तिथे उठून बसायला दुसरं कुणीतरी असतं.

हे उठून बसणं म्हणजे काय, तर 11 जानेवारी 2024. गिटलॅबने तातडीची दुरुस्ती काढली: पासवर्ड विसरल्याचा ईमेल परक्या पत्त्यावर पाठवून कुणाचंही खातं बळकावता येत होतं. गांभीर्य दहापैकी दहा. होस्टेडवाल्यांना काहीच करावं लागलं नाही. आमच्याकडे गड्ड्याची यात्रा तोंडावर, घरात संक्रांतीची गडबड, आणि मी रात्री लॅपटॉप घेऊन अपग्रेड करत बसलेलो. ज्यांनी टू-फॅक्टर लावलं होतं त्यांची खाती तशी सुरक्षित होती, म्हणून आता आमच्यात टू-फॅक्टर सगळ्यांना सक्तीचं. अपग्रेड वेळच्या वेळी केलं नाही तर आणखी एक भोग असतो. मागे पडलात तर थेट ताज्या आवृत्तीवर उडी मारता येत नाही. पुण्याची गाडी कुर्डुवाडीला, दौंडला थांबणारच, तसं ठरलेल्या आवृत्त्यांवर थांबत थांबत यावं लागतं. नवी आवृत्ती महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी येते. मी पुढचा शनिवार त्यासाठी राखून ठेवलाय.

आता सर्व्हर ऑफिसात नाही. मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये आठ जीबीचा भाड्याने घेतलाय. त्याच्या खाली गिटलॅब नीट चालत नाही असा माझा अनुभव. बिल रुपयांत, महिन्याला काही हजार, जीएसटीसकट, माणसं बारा असोत की तेवीस. बॅकअप एकीकडे आणि ती किल्लीची फाइल दुसरीकडे. दर तीन महिन्यांनी बॅकअप रिकाम्या मशीनवर उभा करून बघतो; जो बॅकअप उभा करून बघितला नाही, त्याला मी आता बॅकअप म्हणत नाही. नुसते रेपो आणि इश्यू पुरेसे असतील तर गिटलॅबसारखंच काम करणारं गिटी (Gitea) किंवा 2022 मध्ये त्यातून वेगळं निघालेलं फोर्जेओ (Forgejo) बघा. ती फार हलकी आहेत, साध्या मशीनवर निवांत चालतात. आम्ही गिटलॅबवरच राहिलो, कारण पाइपलाइन आधीच त्यात लिहिलेल्या होत्या आणि त्या पुन्हा लिहायचा मला कंटाळा. कुणाचं तरी मालकीचं सॉफ्टवेअर आपल्या सर्व्हरवर घेऊन मात्र निर्धास्त होऊ नका. बिटबकेट या कोड ठेवायच्या सॉफ्टवेअरच्या सर्व्हर आवृत्तीचा सपोर्ट 15 फेब्रुवारी 2024 ला संपला. मशीन आपलं असूनही लोकांना सामान हलवावं लागलं. गिटलॅबची कम्युनिटी आवृत्ती एमआयटी परवान्यावर (कुणीही फुकट वापरावं, बदलावं असा परवाना) आहे, ती उद्या कुणी काढून घेऊ शकत नाही.

तरीही होस्टेडच घेणार असाल, आणि तो निर्णय चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, तर करारातला मोजणीचा परिच्छेद आधी वाचा. नवीन खातं ॲडमिनच्या मंजुरीशिवाय चालू होऊ देऊ नका. माणूस गेला की त्याच दिवशी त्याची सीट मोकळी करा आणि नवा माणूस नंतर घ्या, आधी नाही. सुरुवातीला सीट कमीच घ्या, वर्षाच्या मध्ये वाढवता येतात. कमी करायला मात्र बहुधा रिन्यूअलपर्यंत थांबावं लागतं. रिन्यूअलच्या महिनाभर आधी यादी काढून एकेका नावावर बोट ठेवून विचारा, हा अजून आपल्यात आहे का.

बार्शीच्या मित्राला मी शेवटी एकच विचारलं, "महिन्यातला एक शनिवार देणारा माणूस आहे का तुझ्याकडे?" तो म्हणाला, बघतो. नसेल तर त्याने गिटहबचे चार डॉलर गुपचूप भरावेत. असेल, आणि त्याच्याकडेही मुलं येत-जात असतील, तर सर्व्हर कसा लावायचा ते दाखवायला मी बार्शीला यायला तयार आहे.

हिंजवडीला गेलेल्या आमच्या मुलाचं खातं सर्व्हरवर अजून आहे, ब्लॉक करून ठेवलेलं. दिवाळीला तो गावी आला की एखादी संध्याकाळ ऑफिसात डोकावतो. त्याने लिहिलेल्या सूत-स्टॉकच्या मॉड्यूलमध्ये काही अडलं असेल तर मी ब्लॉक काढतो, तो तासाभरात दुरुस्त करतो, त्याच्या नावाने कमिट (बदलाची नोंद) पडतो. मग चहा, शेंगाचटणीचं एक पाकीट पुण्याला न्यायला, आणि खातं पुन्हा ब्लॉक.