संगणक म्हणाला फोर-के, भिंगातून दिसलं वेगळंच

मी घरून पुस्तकांची पानं लावते आणि मुद्रितं तपासते. दिवसाचे आठ-नऊ तास अक्षरांत जातात. लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर मान अवघडायला लागली, म्हणून दिवाळीच्या आधी २७ इंची फोर-के, म्हणजे जास्त पिक्सेलचा (बारीक ठिपक्यांचा), मॉनिटर घ्यायचं ठरवलं. नवा परवडत नव्हता. शहरातल्याच एका दुकानात ‘कंपनीतून निघालेला माल, नव्यासारखा’ म्हणून ११,५०० रुपयांना मिळाला. दुकानदारानं पक्ष्यांचा व्हिडिओ लावून दाखवला, त्यात पीसन् पीस दिसत होतं. “ताई, निर्धास्त न्या,” म्हणाला.

घरी एचडीएमआय केबलनं जोडला. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ३८४० गुणिले २१६० पिक्सेल हा आकडा आला, ६० हर्ट्झवर. हाच तर फोर-केचा आकडा. शंकेला जागाच उरली नाही.

त्रास सुरू झाला तळटीपांपासून. आठ पॉइंटच्या मजकुरात ‘ष्ट’ आणि ‘ष्ठ’ वेगळे ओळखू येईनात, रफार शिरोरेघेत मिसळून जायचा. मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. डोळे तपासून आले, नंबर तोच. सहाशे रुपयांची नवी केबल आणली, तरी फरक नाही. मधल्या काळात एका पुस्तकात ‘विशिष्ठ’ तसंच राहिलं आणि छापून आलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं. लेखकानं विश्वासानं सोपवलेलं काम होतं ते.

नाताळच्या सुट्टीत भाचा आला. त्यानं स्केलिंग, म्हणजे सगळं मोठं करून दाखवायची सोय, १०० टक्क्यांवर आणलं आणि पेंटमध्ये एक पिक्सेल काळी, एक पिक्सेल पांढरी अशा उभ्या रेघांचं चित्र करून मूळ आकारात उघडलं. “मावशी, इथे रेघा दिसायला हव्यात,” म्हणाला. नुसता राखाडी पट्टा दिसत होता. मग मी छपाईचे ठिपके तपासायचं माझं भिंग काढलं, पडद्यावर पट्टी धरली आणि एका सेंटिमीटरमधले पिक्सेल मोजले. लाल-हिरवा-निळा मिळून एक, असे. तीनदा मोजले. बत्तीसच भरले. २७ इंची फोर-के पडद्यावर ते चौसष्टच्या आसपास भरायला हवेत. बत्तीस म्हणजे साधा १९२० गुणिले १०८०.

मग संगणकानं फोर-के का दाखवलं? कारण संगणक काच बघत नाही. मॉनिटरच्या आतली एक छोटी चिप ‘मी अमुक आहे, मला अमुक चालतं’ अशी माहिती पाठवते, तिला ईडीआयडी म्हणतात. आतल्या सर्किटला फोर-के सिग्नल घेता येत असेल, तर चिप तेच सांगते. पुढे ते चित्र आकसून कमी पिक्सेलच्या पडद्यावर बसवलं जातं. व्हिडिओत हे सहसा लक्षात येत नाही, बारीक अक्षरांत येतं. दुकानात त्यानं एकदाही मजकूर उघडला नव्हता, हे मला तेव्हा आठवलं.

मागचं लेबल नखानं उचकटलं, तर खाली जुन्या लेबलाचा चिकट चौकोन होता. वरच्या कागदावर नाव आणि ‘फोर-के सपोर्ट’ एवढंच. मॉडेल क्रमांक नाही, भारतीय मानक ब्युरोचा ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांकही नाही. हा क्रमांक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून दोन मिनिटांत तपासता येतो. तो आहे का, हे मी घेतानाच बघायला हवं होतं.

दुकानात गेले तर उत्तर तयार होतं : “बिलावर फोर-के कुठे लिहिलंय?” खरंच नव्हतं. ‘एलईडी मॉनिटर २७ इंच, १ नग’ एवढंच. पण त्याचा व्हॉट्सॲपवरचा मेसेज माझ्याकडे होता, ‘पूर्ण फोर-के आहे ताई’. तो जोडून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. ग्राहक आयोगात जायचीही तयारी ठेवली. तिथे पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. तेवढी वेळ आली नाही. दीड महिन्यानं त्यानं ९,००० रुपये परत केले आणि मॉनिटर ठेवून घेतला. उरलेल्यासाठी मी भांडले नाही, कामं तुंबली होती.

जुना मॉनिटर घेणार असाल तर आपला लॅपटॉप सोबत न्या. बारीक देवनागरी मजकुराचं एक पान आणि रेघांचं ते चित्र त्यात ठेवा, दुकानदार घाई करत असला तरी दोन्ही उघडून बघा. बिलावर मॉडेल क्रमांक आणि ‘३८४० गुणिले २१६० पॅनेल’ असं लिहून घ्या. पॅनेल म्हणजे प्रत्यक्ष पडदा. ‘सपोर्ट’ म्हणजे नुसता सिग्नल घेता येणं, तो शब्द बिलावर चालवून घेऊ नका. लिहून द्यायला कां कूं केली तर पैसे न देता बाहेर पडा.

परवा त्या रस्त्यानं जाताना दुकानाच्या काचेत एक २७ इंची मॉनिटर दिसला. त्यावर तोच पक्ष्यांचा व्हिडिओ चालू होता.