साबेर की एअर्स? मुंबईच्या पावसावरच्या लहरी बघताना

हिंगोलीच्या लायगोत (अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेत) शोधायच्या आहेत त्या या लहरी नव्हेत. आमच्या घरी अजून तोच समज आहे आणि तो दुरुस्त करणं मी सोडलंय. हा विषय पावसाळी ढगांच्या उसळीतून वर चढणाऱ्या, हवेतल्या गुरुत्व लहरींचा, आणि त्या टिपणाऱ्या एअर्स नि साबेर या दोन उपग्रहांवरच्या उपकरणांचा.

प्रकल्पासाठी मुंबईवरचा जून ते सप्टेंबर घ्यायचं ठरलं तेव्हा मी एअर्सपासूनच सुरुवात केली. अक्वा उपग्रहावरून ते खाली बघतं, त्याला दिसणारा एकेक ठिपका १३.५ किलोमीटरचा, आणि समुद्रावरच्या ढगांभोवती लहरींची वर्तुळं दिसली की माणूस तिथेच हरतो. मीही हरलो.

घोटाळा नंतर कळला. पावसाळ्यात आपल्या डोक्यावर स्थितांबरात, म्हणजे ढगांच्या वरच्या हवेच्या थरात, वारा पूर्वेकडून वाहतो. त्याला सामोऱ्या जाणाऱ्या, म्हणजे पूर्वेला निघालेल्या लहरी उभ्या दिशेने ताणल्या जातात. एअर्सला नेमक्या अशाच दिसतात. उभी तरंगलांबी, म्हणजे लहरीच्या एका शिखरापासून वरच्या शिखरापर्यंतचं अंतर, साधारण १२ किलोमीटरच्या खाली गेली की ते जवळजवळ आंधळं. माझ्या सगळ्या नकाशांत लहरी पूर्वेलाच चाललेल्या, आणि मी तसा निष्कर्षही लिहून टाकला. सरांनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं : ‘पश्चिमेच्या कुठे गेल्या?’ काही वाऱ्यात विरल्या असतील, काही तिथेच असून दिसत नसतील. कोणत्या विरल्या नि कोणत्या लपल्या, हे त्या चित्रावरून सांगताच येईना. पनवेल लोकलमध्ये दोन आठवडे डोक्यात तेवढंच.

साबेर टाइम्ड उपग्रहावर, २००१ पासूनचं. ते सरळ खाली नाही, बाजूने वातावरणाच्या कडेकडे बघतं, म्हणून तापमानाचा उभा आलेख सुमारे २ किलोमीटरच्या बारकाईने मिळतो, तोही थेट १०० किलोमीटर उंचीपर्यंत. आखूड नागमोड्याही त्यात दिसतात. दिशा मात्र कळत नाही, आणि वादळाला खेटून असलेल्या आखूड आडव्या लहरी पुसल्या जातात. शिवाय दिवसाचे सगळे तास हाती यायला ६० दिवस, म्हणजे निम्मा पावसाळा. अर्थात एअर्सही कित्येक वर्षं दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारासच यायचं.

तुम्हाला एकेका वादळाची वर्तुळंच हवी असतील तर एअर्स घ्या, मी वाद घालणार नाही. मी साबेरवर आलो तो त्या पेन्सिलीमुळे. एअर्सच घेतलंत तर स्थितांबरातल्या वाऱ्याचा त्या महिन्याचा नकाशा शेजारी उघडा ठेवा, आणि लहरी न दिसलेल्या कोऱ्या जागेबद्दल काही लिहायच्या आधी तो बघा.