अठरा मीटरचा रस्ता: गाड्यांना चार पदर की चालणाऱ्यांना जागा?

वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलं. तिथे नव्या सोसायट्यांपर्यंत १८ मीटरचा रस्ता आखायचा झाला, तर दोन आराखडे बसतात.

पहिला: साडेतीन मीटरचे चार पदर, दोन्हीकडे दोन-दोन मीटर पदपथ. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये हाच झकास दिसतो. पण त्या दोन मीटरांत विजेचा डीपी, झाड आणि दिव्याचा खांब आला, की रस्त्यांचे मानदंड ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेने सांगितलेली किमान १.८ मीटर मोकळी वाट उरतच नाही. काठी टेकत चालणाऱ्या आजी मग थेट गाड्यांत उतरतात. शिवाय कडेचे पदर पार्किंग गिळून टाकतं. म्हणजे चाराचे दोनच.

दुसरा: दोन पदर, दोन्हीकडे दोन मीटर पार्किंग, साडेतीन मीटरचे पदपथ. थांब्यापाशी पार्किंग तोडून पदपथ पुढे आणला, की पीएमपीची बस पदरातच थांबते आणि प्रवाशाला लावलेल्या दुचाक्यांतून वाट काढावी लागत नाही. मागच्या गाड्या खोळंबतात, हॉर्न वाजणारच.

माझं मत दुसऱ्याला, पण एका अटीवर: सोसायटीच्या गेटपाशी पदपथ खाली उतरवायचा नाही. चढायचं ते गाडीने.